सूचना : रविवारी पिंक फ्लॉइड, मोठ्या पडद्यावर!

मंडळी, 'पिंक फ्लॉइड अ‍ॅट पॉम्पेई'चा, म्हणजे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या मैफल-चित्रपटाचा, शो अखेर जमला. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, जळगावात, नेहमीचंच थिएटर. भुसावळ, चाळीसगाव, धुळेवाल्यांनी पावणेनऊला गेटवर हजर राहा. मागच्या वेळी धुळ्याची गाडी मध्यंतराला पोचली होती, हे विसरलेलो नाही.

पैसे शुक्रवार रात्रीपर्यंत खजिनदारांकडे द्या. उधारी नाही, भाऊ.

नव्या सभासदांसाठी : १९७१ च्या ऑक्टोबरात इटलीतल्या पॉम्पेईच्या पडक्या रोमन रंगमंडलात हे चित्रण झालं, प्रेक्षक न बोलावता. टाळी नाही, आरोळी नाही; चौघे वाजवताहेत आणि भोवती रिकाम्या पायऱ्या. २०२५ मध्ये हाच चित्रपट ४के (अतिस्पष्ट चित्र) करून, ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या नव्या ध्वनिमिश्रणासह पुन्हा चित्रपटगृहांत आला. म्हणून विनंती :

- 'एकोज' या गाण्याच्या शांत जागी शिट्ट्या नकोत. ते चित्रपटाच्या सुरुवातीला अर्धं आणि शेवटी अर्धं आहे, मध्येच उठून जाऊ नका.
- मोबाइलवर चित्रीकरण अजिबात नाही.
- हार्मोनिकासोबत कुत्रं गातं तिथे मात्र खुशाल हसा.

शो सुटल्यावर शेतावर भरीत-पुरी. तिथे प्रत्येकाने दोन मिनिटांत प्रतिक्रिया सांगायची. "भारी होतं" एवढंच चालणार नाही. कोणतं वाद्य, कोणता क्षण, तेही सांगा. न आवडलं तरी बोला, भांडण भरिताबरोबर चांगलं रंगतं.

वांगी भाजायला चार जण हवेत. नावं आजच कळवा.