भंगारात संगणक, पण हार्ड डिस्क?

दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या काकांनी १० वर्षे वापरलेला संगणक दारावरच्या भंगारवाल्याला दिला. ‘सगळं डिलीट केलंय,’ असे ते निश्चिंतपणे म्हणाले. मला मात्र धस्स झाले. आधार-पॅनच्या प्रती, प्राप्तिकर विवरणपत्रे, पेन्शनची कागदपत्रे, सगळे त्यातच होते. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली, तरी साध्या हार्ड डिस्कवर बहुधा फक्त ती फाइल कुठे आहे याची नोंद पुसली जाते. मजकूर तिथेच राहतो आणि सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती पुसावी लागते. एसएसडीसाठी, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कसाठी, उत्पादकाची ‘सिक्युअर इरेज’ (सगळी माहिती कायमची पुसण्याची) सोय वापरावी. संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून घरीच ठेवावी. अनेक डेस्कटॉपमध्ये ती स्क्रूंवर बसवलेली असते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे जायला हवा. पण ज्येष्ठांनी तो नेऊन द्यायचा कुठे? महापालिकेने प्रत्येक प्रभागात संकलनाचा दिवस ठरवावा आणि मालकासमोरच डिस्क नष्ट करून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे