डिझेलमधलं पाणी माझं, रेडिएटरमधलं तुमचं

दि. १६ जानेवारी २०२५

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक साहेब

विषय : ऊसतोडणी यंत्राच्या इंजिनाची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

सप्रेम नमस्कार.

तुमचं ९ जानेवारीचं पत्र मिळालं. त्यात लिहिलंय, ‘डिझेलमध्ये पाणी आढळले, रेडिएटर बाहेरून पाचटाने भरलेला होता, सबब ग्राहकाचा निष्काळजीपणा.’ दोन ओळींत मोकळे झालात. माझं यंत्र मात्र २८ डिसेंबरपासून शिरोळ तालुक्यातल्या एका फडाच्या बांधावर उभं आहे.

आधी माझी चूक सांगतो. डिझेलचं बॅरल फडात उघड्यावर राहिलं, बूच सैल होतं आणि रात्रीचं दव त्यात उतरलं. वॉटर सेपरेटरची (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची) वाटी रोज सकाळी सोडून साठलेलं पाणी काढायचं असतं. ऑपरेटरनं ती चार-पाच दिवस सोडली नाही, आणि मीही त्याला विचारलं नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या सहा इंजेक्टरपैकी दोन गेले. कॉमन रेलच्या, म्हणजे फार जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या इंजेक्टरला पाण्याचा थेंबही चालत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दोन इंजेक्टरचे पैसे मी देतो. आता टाकी सकाळी न भरता संध्याकाळी काम संपल्यावर भरतो, म्हणजे रात्री रिकाम्या टाकीत बाष्प धरत नाही.

पण इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालं, ते डिझेलनं नव्हे.

२३ जानेवारी २०२४ रोजी रेडिएटरची खालची होज (रबरी नळी) फुटली आणि सगळं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जमिनीवर गेलं. तुमचा सर्व्हिसचा मुलगा आला. मुलगा चांगला होता, पण गाडीत माल नव्हता. होज बदलली, दोन कॅन कूलंट ओतलं आणि उरलेलं पाणी विहिरीच्या मोटारीचं घातलं. घागर मीच भरून दिली होती, म्हणून पक्कं आठवतं. तुमच्याच पुस्तकात या यंत्राला ४२ लिटर लागतं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, असं छापलंय. म्हणजे कूलंट २१ लिटर हवं होतं. तुमच्या बिलात १० लिटर आहे. बाकीचे ३२ लिटर कुठून आले, ते बिलात नाही.

आमच्या शिरोळकडच्या क्षारपड जमिनी तुम्हाला माहीत नसतील. इथल्या काही विहिरींचं पाणी असं की चहाच्या भांड्याला महिन्यात पांढरा थर धरतो. तेच पाणी इंजिनात गेलं, आणि हंगाम संपल्यावर अख्खा पावसाळा आत उभं राहिलं. गंज रोखणारी औषधं कूलंटात असतात, ती निम्म्याहून कमी. ऑक्टोबरमध्ये तुमच्याच माणसानं हंगामपूर्व तपासणी केली आणि कूलंटसमोर ‘ओके’ लिहिलं. कूलंट किती दाट आहे ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवला असता तर तिथेच कळलं असतं. त्यानं टोपण उघडून पातळी बघितली, बस्स.

हेड तुमच्याच लोकांनी खोललं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून एक जाणता मिस्त्री साक्षीला आणला होता. इंजेक्टर गळून इंजिन तापलं असतं तर पिस्टनचा माथा जळलेला दिसला असता. सहाही पिस्टन धड होते. उलट हेडमधल्या पाण्याच्या वाटा तांबड्या चिखलानं बुजलेल्या, वर पांढरा क्षाराचा थर. रेडिएटरच्या नळ्यांतही तेच. त्यातला मूठभर चिखल मी लोणच्याच्या बरणीत भरून ठेवलाय. फोटोही आहेत.

पाचटाचं म्हणाल तर ते ऊसतोडणीत उडणारच. फड बदलला की आम्ही जाळी काढून इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला हवा मारतो. पाण्याचा जोराचा फवारा मारत नाही, रेडिएटरच्या पातळ पत्र्या (फिन) वाकतात. २८ तारखेच्या सकाळचा साफ रेडिएटरचा फोटो ऑपरेटरच्या फोनवर वेळेसकट आहे. तुमच्या माणसानं संध्याकाळचा फोटो काढला, दिवसभर फड तोडल्यानंतरचा.

इकडे कारखान्याशी करार झालेला, बँकेचा हप्ता चालू. ऊस तुऱ्याला आलाय, वजन घटतंय. शेतकरी रोज फोन करून विचारतो, यंत्र कधी येणार? त्याला काय कूलंटचा हिशेब सांगू?

तेव्हा हेड, गॅस्केट आणि रेडिएटर वॉरंटीत बदलून द्या. सगळ्या वाटा धुऊन ४२ लिटर तयार (पाणी आधीच मिसळलेलं) कूलंट भरा, आणि किती लिटर भरलं ते जॉब कार्डावर लिहा. २३ जानेवारी आणि ऑक्टोबर, दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती पाठवा. सात दिवस वाट बघतो. यंत्र पोटासाठी घेतलंय, ऑपरेटरबरोबर मी स्वतःही चालवतो. काही झालं नाही तर ग्राहक आयोगाकडे हेच पत्र आणि तीच बरणी घेऊन जाईन.

माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याजवळ रिफ्रॅक्टोमीटर असू द्या. रेडिएटरमधलं उरलेलं पाणी मी सोडलेलं नाही.

आपला,
एक ऊसतोडणी यंत्रधारक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, फोटो