पाहुण्यांना भाकरी, आम्हाला खारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रक्त तपासलं, तर सीआरपी, म्हणजे अंगात दाह (आतली सूज) असला की रक्तात वाढणारं प्रथिन, वाढलेलं. ताप नाही, जखम नाही, मग दाह कुठला? डॉक्टरांनी टेप काढून माझी कंबर मोजली: ९४ सेंटिमीटर. आपल्याकडे बायकांची मर्यादा ८०. म्हणाले, पोटाभोवतीची चरबी गप्प बसत नाही, दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. त्यातलं टीएनएफ-अल्फा १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत सापडलं. ते इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं.

मला नवल वाटलं ते आतड्यातल्या जिवाणूंचं. लठ्ठ उंदरांचे जिवाणू जंतुमुक्त उंदरांत सोडले, तर त्यांच्याही अंगावर चरबी जास्त चढली. हा प्रयोग २००६ चा. माणसांत इतकं सरळ नसतं, हेही डॉक्टरांनी लगेच बजावलं. पण या जिवाणूंना चोथा लागतो, म्हणजे धान्या-भाज्यांतले न पचणारे तंतू. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं.

आमची वेंगुर्ल्यात घरगुती खानावळ आहे. मुंबईचे पाहुणे नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी असं चोथ्याचं जेवण मागून मागून जेवतात. आणि आम्ही घरचे? सकाळी चहा-खारी, रात्री उरलेला पांढरा भात. परसातली टाकळ्याची रानभाजी यंदा कुणी खुडलीसुद्धा नाही!

आपल्या आरोग्य पानावर ‘दहा दिवसांत पोट सपाट’ छापाच्या जाहिराती असतात. त्या शेजारी कधी पेज, फणसाच्या आठळ्या, टाकळ्याबद्दलही चार ओळी छापाल का?

आपली,
एक खानावळवाली, वेंगुर्ले