सोडून गेलेल्यांचा फीडबॅक कोण घेणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजात फीडबॅक फॉर्मची गडबड सुरू होते, शिक्षक वेळेवर येतात का, सिलॅबस पूर्ण झाला का, एक ते पाच मार्क द्या. मुलंही सगळीकडे चार-चार ठोकून मोकळी होतात कारण त्यांना माहितीय पुढे काही होत नाही, आणि झालंच तर पुढच्या बॅचसाठी. मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, खरी गोची वेगळीच आहे. जी मुलं मधेच सोडून गेली ती फॉर्म भरायला वर्गात असतातच कुठे? ज्यांचं ऐकायला हवं नेमके तेच गायब आणि उरलेल्यांच्या ॲव्हरेजवर आपण खूश.

बरं त्या मार्कांवर तरी किती भिस्त ठेवायची? अमेरिकेतला 2015 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे, ऑनलाइन कोर्स, शिक्षक दिसत नाही, त्यामुळे तीच व्यक्ती एका गटाला बाई म्हणून सांगितली, दुसऱ्याला पुरुष म्हणून. पुरुष समजले तिथे मार्क जास्त. पेपर एकाच वेळी तपासून दिले होते तरी वेळेवर देण्याचे मार्कसुद्धा बाईंना कमी! (आमच्या स्टाफरूममध्ये याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.)

त्यापेक्षा चौथ्या आठवड्यात कोरे कागद वाटा, नाव लिहायचं नाही, काय कळतंय आणि कुठे अडतंय एवढंच विचारा. मला एकदा चिठ्ठी आली, "मॅडम तुम्ही फळ्यावर लिहिता लिहिता बोलता, पाठ आमच्याकडे असते, मागे काही ऐकू येत नाही." पाच मार्कांच्या फॉर्ममधून हे कधी कळलं असतं? आणि मुख्य म्हणजे पुढच्याच तासाला वर्गात सांगायचं की हे हे बदलतेय आणि हे अमुक कारणाने जमणार नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोरेच कागद परत येतात.

पण नुसतं शिकवणं सुधारून गळती थांबत नाही हेही खरंय. कुणाची नोकरीची वेळ आणि प्रॅक्टिकल एकाच वेळी येतं, कुणाकडे प्रवासाला पैसे नसतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 पासून कम्युनिटी कॉलेजातल्या (म्हणजे दोन वर्षांची पदविका देणाऱ्या कॉलेजातल्या) मुलांना सरकारी मदत वजा जाता फीची उरलेली रक्कम, पुस्तकं, प्रवासाचा पास आणि नियमित भेटणारा एक सल्लागार असं सगळं एकत्र दिलं, लॉटरीने दोन गट करून तपासलं तेव्हा तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे हे सगळं न मिळालेल्या गटात 22 टक्के आणि मिळालेल्या गटात 40 टक्के दिसले. सगळीकडे एवढा पैसा नसतो, मान्य. पण सलग आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाला फोन करून "काय रे, काय झालं?" विचारायला कुठलं बजेट लागतं? आणि फोन ओळखीच्या शिक्षकानेच करावा, ऑफिसातून आला की मुलाला वाटतं फीसाठीच आलाय.

तुम्हालाही एक विनंती, दरवर्षी निकालाची टक्केवारी छापता त्यासोबत पहिल्या वर्षाला किती आले आणि शेवटच्या वर्षापर्यंत किती टिकले हा आकडाही कॉलेजांकडून मागून छापा.

आपली,
एक शिक्षिका