जुन्या गाडीचा भाव वेगळ्या कागदावर मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतला जुनी गाडी विकण्याबद्दलचा लेख वाचला. शोरूमला गाडी दिली की नुकसान आणि परस्पर विकली की फायदा, असा त्याचा एकूण सूर आहे. जुन्या गाड्यांची किंमत ठरवण्याच्या कामात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. शोरूमचा भाव बहुतेक वेळा कमी असतो हे खरेच आहे. पण गाडी बदलणाऱ्याचे मोठे नुकसान दुसऱ्याच ठिकाणी होते आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

ते होते शोरूमच्या टेबलावर. नवी गाडी पसंत पडलेली असते, घरच्यांनी रंगही ठरवलेला असतो. विक्रेता एकच कागद पुढे ओढतो आणि त्यावर गाडीची किंमत, सूट, जुन्या गाडीचा भाव, एक्स्चेंज बोनस, विमा, कर्जाचा हप्ता असे सगळे एकाखाली एक लिहीत जातो. शेवटच्या आकड्याभोवती गोल काढतो. त्या गोलापर्यंत येताना जुन्या गाडीचा सौदा कुठे संपला आणि नव्या गाडीचा कुठे सुरू झाला, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही.

नव्या गाडीची किंमत 100 धरू. एका शोरूमने 8 ची सूट दिली आणि जुन्या गाडीचे 40 लावले. दुसऱ्याने सूट 4 चीच दिली, पण जुन्या गाडीचे 44 लावले. दोन्हीकडे खिशातून जाणार 52. तरी बहुतेक लोक दुसऱ्या शोरूमवर खूश होतात, कारण आपल्या गाडीला मान मिळाला असे वाटते. आता तीच जुनी गाडी परस्पर 50 ला जाणार असेल, तर पहिल्या शोरूममध्ये नवी गाडी 42 मध्ये पडते आणि दुसऱ्यात 46 मध्ये. ज्याने जुन्या गाडीला जास्त भाव दिला, तोच इथे महाग ठरला. हे कळायचे तर दोन्ही आकडे सुटे हवेत. म्हणून माझे सांगणे असे, की शोरूममध्ये आधी नव्या गाडीचाच भाव विचारावा, जुनी गाडी द्यायची नाही असे धरून. तो लेखी घ्यावा आणि मगच जुन्या गाडीचा विषय काढावा, त्याचाही भाव वेगळ्या कागदावर. विक्रेता म्हणेल, ‘दोन्ही एकत्र बघू, तुमचाच फायदा आहे.’ तिथे ठाम राहावे. एक्स्चेंज बोनस तर जुन्या गाडीच्या किमतीत धरूच नये. ती नवी गाडी खपावी म्हणून दिलेली सूट असते, तुमच्या गाडीच्या स्थितीशी तिचा काडीचा संबंध नसतो.

जुनी गाडी घेऊन नवी विकण्याची ही पद्धत आजची नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत पहिल्यांदा गाडी घेणारे कमी होत चालले होते आणि दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आधीच एक गाडी असे. जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी मोटारींचा बाजार बदलणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: हप्त्याने विक्री, जुन्या गाडीची अदलाबदल, बंद बॉडीच्या गाड्या आणि दरवर्षीचे नवे मॉडेल. अदलाबदल आली ती नवी गाडी विकण्याची वाट मोकळी करायला. हे लक्षात ठेवले, तर टेबलावरचे बरेचसे बोलणे आपोआप उलगडते.

शोरूम भाव कमी का लावते, हेही लोकांनी नीट समजून घ्यावे. आलेल्या गाडीचे डेंटिंग-पेंटिंग, टायर, सर्व्हिसिंग त्यांना करावे लागते. ती उभी राहील तितके दिवस जागा आणि पैसा अडकतो, वर पुढच्या गिऱ्हाइकाला काही हमी द्यावी लागते. आपल्याच कंपनीची, कमी चाललेली, मागणी असलेली गाडी आली तर ते चांगला भाव देतात, कारण ती त्यांच्याच आवारातून विकली जाते. दुसऱ्या कंपनीची किंवा जुनाट मॉडेलची गाडी ते लगेच व्यापाऱ्याकडे किंवा लिलावात पाठवतात, म्हणून तिथे मिळेल त्याहूनही कमी आकडा तुम्हाला सांगतात. यात लबाडी नाही, तो त्यांचा धंदा आहे. कटकट त्यांच्या गळ्यात टाकण्याचे मोल आपण मोजतो. ते किती मोजतो आहोत, एवढे आपल्याला कळले पाहिजे.

काही ठिकाणी करामुळे हिशेब फिरतो, हेही लेखात यायला हवे होते. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत जुनी गाडी शोरूमला दिली, तर विक्रीकर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. वरच्याच उदाहरणात सूट बाजूला ठेवून 8 टक्के कर धरला, तर जुन्या गाडीच्या 40 वर 3.2 चा कर वाचतो. म्हणजे परस्पर विकून 43.2 पेक्षा जास्त येत असतील तरच ती यातायात परवडते. कॅलिफोर्नियात मात्र पूर्ण किमतीवर कर भरावा लागतो, तिथे हा फायदा नाही. जिथे राहता तिथला नियम आधी विचारावा.

आता परस्पर विक्रीकडे येतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते याच धर्तीच्या कामासाठी. त्यांचा मुद्दा असा, की गाडी आतून कशी आहे हे मालकाला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरत जातात. माझ्या कामात मी हे रोज बघत आलो. जपून वापरलेल्या गाडीचा मालक कळवळून सांगतो, ‘अहो, एकहाती गाडी आहे,’ आणि समोरचा ते वाक्य ऐकलेच नाही असे करतो. कारण प्रत्येक मालक तेच म्हणतो.

त्याचा विश्वास बसतो तो पुराव्यावर. तारीखवार सर्व्हिस रेकॉर्ड, बदललेल्या भागांची बिले, तिऱ्हाईत मेकॅनिककडून करून घेतलेल्या तपासणीचा कागद. जाणता माणूस गाडी कशी बघतो ते सांगतो. तो पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवतो. इंजिन आधीच गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज आणि धूर त्याच्यापासून लपवला आहे असे तो समजतो. मग खाली वाकून दाराच्या पत्र्यावरून उजेडाच्या दिशेने तिरके बघतो, पुटी भरलेला भाग लाटेसारखा दिसतो. फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, सगळ्या काचांवरचे वर्ष जुळते का, हे पाहतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. मीटर थोडेच किलोमीटर दाखवते, पण ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले आहे आणि स्टिअरिंगची कातडी चकाकते आहे, तर मीटर मागे फिरवले असणार हे त्याला सांगावे लागत नाही. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून ‘बिघाडाचा एकही कोड नाही’ म्हटले तरी तो विचारतो, की त्या संगणकाच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का. कारण नुकतेच कोड पुसले किंवा बॅटरी काढली की त्या अपुऱ्या दिसतात.

हे सगळे विकणाऱ्याने स्वतःच आधी करून पाहावे. ज्याची गाडी यात टिकते, कागद पूर्ण आहेत आणि मॉडेलला मागणी आहे, त्याने परस्पर विकावी. शोरूम त्याच्या काळजीचे वेगळे पैसे फारसे देत नाही, परस्पर घेणारा माणूस देतो. पण मोठी दुरुस्ती निघाली आहे, सुटे भाग मिळत नाहीत किंवा मागच्या अपघाताबद्दल विचारले तर अडखळायला होते, अशा गाडीला परस्पर विकण्याच्या नादात महिने जातात. विमा चालू राहतो, किंमत उतरत राहते आणि रविवार अनोळखी लोकांना गाडी दाखवण्यात जातात. अशाने मुकाट्याने शोरूमला द्यावी, दोष मात्र सांगून द्यावी.

परस्पर विकताना पैशाबाबत भिडस्तपणा नको. फोनवर दाखवलेला पैसे पाठवल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय किल्ली आणि मूळ कागद द्यायचे नाहीत. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच वाटेला लावावे. चालवून बघायला एकट्याला देऊ नये, आधी त्याचा परवाना पाहावा आणि शेजारी बसून जावे.

याहून जास्त काळजी मला नाव बदलण्याची वाटते. नोंदणीत तुमचे नाव आहे तोवर दंडाची नोटीस तुमच्याच घरी येते आणि त्या गाडीने अपघात झाला तर पहिली विचारणाही तुमच्याकडेच होते. हे परस्पर विकणाऱ्याला बहुधा ठाऊक असते. शोरूमला देणारा मात्र निर्धास्त असतो. आवारात पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती गाडी तुमच्याच नावावर उभी असू शकते आणि मधल्या काळात कोणीही ती चालवू शकते. तारीख आणि वेळ घातलेली ताबापावती घ्या, नोंदणी कार्यालयाला विक्री कळवायची सोय असेल तर त्याच दिवशी कळवा आणि नाव बदलल्याचा पुरावा मागत राहा. गाडीच्या स्क्रीनमधले फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसा, मोबाइलवरच्या कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाका. हे हल्ली सगळ्यात जास्त विसरले जाते.

शेवटी कर्जाबद्दल, कारण इथे माणसे बुडताना मी पाहिली आहेत. जुन्या गाडीवर तिच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज बाकी असेल, तर शोरूम म्हणते, ‘काळजी करू नका, ते आम्ही मिटवतो.’ ते मिटत नाही. उरलेली रक्कम नव्या कर्जात घातली जाते आणि हातून गेलेल्या गाडीचे व्याज माणूस पुढची वर्षे भरत राहतो. नवी गाडी तर पहिल्याच वर्षात सगळ्यात वेगाने उतरते, त्यामुळे पुढच्या अदलाबदलीत खड्डा आणखी खोल होतो. ज्याची अशी स्थिती आहे त्याने हप्ते भरत जुनीच गाडी चालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मग मॉडेल कितीही मागे पडो.

आपल्या पुरवणीत शोरूमच्या जाहिराती येतात. नव्या गाडीची सूट आणि जुन्या गाडीचा भाव दोन वेगळ्या कागदांवर, सही-शिक्क्यानिशी देणार का, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधीने त्यांना विचारावा आणि ज्याने जे उत्तर दिले ते पुढच्या अंकात छापावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक