कापलेल्या कानाची मांजर

रावेर,
आखाजीनंतरचा सोमवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मी रात्री उशिरापर्यंत घराच्या धाब्यावर मोबाईल घेऊन बसतो, ही आईची तक्रार तुझ्यापर्यंत पोहोचल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. तू काळजीने विचारलेस, म्हणून सविस्तर लिहितो. मी मांजरे पाहत असतो.

चीनमध्ये ‘हॅलो स्ट्रीट कॅट’ नावाचे एक अ‍ॅप आहे. तिथल्या बेवारस मांजरांसाठी ठिकठिकाणी खाद्याची यंत्रे ठेवलेली आहेत, त्यांच्यावरच्या कॅमेऱ्यातून तिथले दृश्य जसेच्या तसे दिसत राहते, आणि पाहणाऱ्याने थोडे पैसे भरले की कुठल्या कुठे असलेल्या त्या वाटीत कोरडे खाद्य पडते. तिरप्या नजरेने बघणारा ‘मिस्टर फ्रेश’ नावाचा बोका याच यंत्रांमुळे जगभर ओळखीचा झाला. मला मात्र वेगळ्याच एका मांजरीचा लळा लागला आहे.

आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्रीचे बारा झालेले असतात. कॅमेऱ्यातले चित्र तेव्हा राखाडी असते. अंधारात आधी दोन ठिपके चमकतात, कारण मांजराच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो. मग एक पंजा पुढे येतो आणि तसाच अधांतरी थांबतो. ती वाटीत तोंड घालते, पण एक कान मागच्या रस्त्याकडेच वळलेला असतो. चार दाणे उचलायचे, मान वर करून चावायचे, मागे पाहायचे आणि पुन्हा वाकायचे, असे तिचे खाणे चालते. पाच-सहा मिनिटांनी तो मागे वळलेला कान हळूहळू सरळ होतो. त्या क्षणासाठी मी जागा असतो. जन्मभर भीत आलेल्या जिवाला घटकाभर निर्धास्त जेवताना पाहून मला फार बरे वाटते.

तिच्या डाव्या कानाचे टोक नाही. भांडणात तुटले असावे असे मला वाटत होते. पण भांडणात कान वेडावाकडा फाटतो, हा तर कात्रीने कापल्यासारखा सरळ होता. नंतर समजले की पिले होऊ नयेत म्हणून नसबंदीची शस्त्रक्रिया करून सोडलेल्या मांजरांची ही खूण असते, म्हणजे त्यांना कोणी पुन्हा धरून नेत नाही.

तेव्हापासून मी आमच्या मागील दारच्या तिरंगी मांजरीकडे नीट पाहू लागलो. सरपणाच्या ढिगामागे ती तिसऱ्यांदा व्याली आहे. मागच्या चार पिलांपैकी दोन उन्हाच्या तडाख्यात गेली. ती मी माझ्या हातांनी केळीच्या बागेत पुरली. आई तिला मायेने दूध-भात घालते, पण मांजर मुळात मांसाहारी प्राणी. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारे टॉरिन हे द्रव्य भातातून मिळत नाही, आणि गाईचे दूध पुष्कळ मांजरांना पचतही नाही. मी हे समजावल्यावर, जिने आयुष्यात मासळी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही त्या माझ्या माळकरी आईने, एक जुनी जर्मनची थाळी काढून दिली आणि म्हणाली, “बाहेरच ठेव, पण रोज ठेव.” काल ती मांजर खाताना तिचा एक कान माझ्याकडेच वळलेला होता.

आता तुझ्याकडे काम आहे. इथल्या जनावरांच्या दवाखान्यात मी दोनदा जाऊन आलो. गाई-म्हशींपुढे मांजरीची शस्त्रक्रिया कोणाला महत्त्वाची वाटत नाही. नाशकात ती कुठे होते, किती दिवस ठेवून घेतात आणि खर्च काय येतो, एवढे विचारून ठेव. पिलांचे डोळे अजून उघडलेले नाहीत. ती दूध सोडेपर्यंत मी तिला हलवणार नाही. मात्र मांजर पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून त्यानंतर एक दिवसही दवडायचा नाही. मी तिला टोपलीत घालून रेल्वेने घेऊन येईन. तू स्टेशनवर ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू