नॅनो पेपर घेण्याआधी

पुणे,
९ डिसेंबर २०२४

प्रिय विज्या,

तुझं पत्र मिळालं. कोणी तरी ऊन लाल करणारा नॅनो पेपर विकायला आला आणि तू लगेच जरबेऱ्याच्या फुलांच्या पॉलीहाउसवरचा जुना पेपर (म्हणजे छपराचं प्लॅस्टिक) उतरवायला निघालास! जरा दम धर. तो माणूस थापा मारत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

पान निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं. अतिनील किरणांचा त्याला फारसा उपयोग नाही. काही पदार्थ हे किरण गिळतात आणि लाल किंवा नारिंगी प्रकाश बाहेर टाकतात. क्वांटम डॉट हे असेच काही नॅनोमीटरचे कण, नॅनो पेपरात घालतात ते. कण लहान-मोठा केला की रंग बदलतो. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल यांच्यासाठीच दिलं गेलं. अमेरिकेत कॉपर इंडियम सल्फाइडचे डॉट घातलेल्या प्लॅस्टिक फिल्मखाली लाल लेट्युस वाढवलं, तर त्याचं कोरडं वजन १३ टक्के जास्त भरलं.

मला मात्र जपानचा प्रयोग जास्त बोलका वाटतो. होक्काइडो विद्यापीठात युरोपियम या धातूच्या संयुगाचा लेप दिलेल्या प्लॅस्टिकखाली (हे नॅनोकण नव्हेत, पण काम तेच) स्विस चार्ड लावलं होतं. बीटच्या कुळातली पालेभाजी आहे ती. हिवाळ्यात ६३ दिवसांनी उंची १.२ पट आणि वजन १.४ पट झालं. उन्हाळ्यात मात्र सांगण्यासारखा फरक पडला नाही. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान, ऊन मंद. त्यामुळे थोडा लाल प्रकाश वाढला तरी रोपाला जाणवतो.

आता तुझं मावळ बघ. मार्च लागला की तू छपराला चुना मारतोस, आतून शेडनेट ओढतोस. ऊन नको म्हणून पैसे घालवायचे आणि तेच ऊन लाल करायला पुन्हा पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. फायदा झालाच तर पावसाळ्यातल्या ढगाळ महिन्यांत होईल.

शिवाय सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ५ टक्के. त्यातून निघालेला लाल प्रकाश चहूकडे फेकला जातो. काही वर आकाशात जातो, काही फिल्ममध्येच अडकतो. आणि तुझ्या २०० मायक्रॉनच्या पेपरात यूव्ही स्टॅबिलायझर (अतिनील किरणांनी प्लॅस्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ) असतोच, तोही याच किरणांवर जगतो. ताट एक, जेवणारे दोन!

अतिनील अडला की पांढरी माशी आणि फुलकिडे कमी होतात, हे खरं. पण तेवढ्यासाठी साधा यूव्ही अडवणारा पेपर पुरतो.

तरी हौस असेलच, तर त्याला दोन गोष्टी विचार. कणांत कॅडमियम हा विषारी धातू आहे का? असेल तर दारातूनच परत पाठव. आणि ओल, हवा लागून डॉट मंदावतात, तेव्हा चमक किती वर्षं टिकेल ते लेखी दे म्हणावं. मग एकाच बेवर (पॉलीहाउसच्या एका कप्प्यावर) लाव, शेजारचा बे जुन्याच पेपरखाली ठेव. जात एकच, खत-पाणी एकच. फुलं मोज, दांड्यांची लांबी माप, आणि पावसाळ्याचे आकडे वेगळे लिही.

पेपरचं माहितीपत्रक असेल तर फोटो काढून पाठव, आगाऊ रक्कम देण्याआधी. काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू